मोठेबाबांचं पाणी आणि माझं इंग्रजी

माणूस पाणी कसा पितो यावरून तो आयुष्यात कसा वागेल हे ओळखता येतं, असं मानणारा आणि ते समोरच्याच्या तोंडावर सांगणारा माणूस साऱ्या जगात एकच असावा, आणि तो नेमका माझ्या वडिलांचा सख्खा मोठा भाऊ निघाला. आमच्याकडे वडिलांच्या मोठ्या भावाला मोठेबाबा म्हणतात आणि त्यांच्या बायकोला मोठीआई. मोठेबाबा आरमोरीच्या पलीकडे एका खेड्यात राहतात, धान लावतात, आणि जागे असतात तेवढा वेळ बोलतात. त्यांच्या घरी पाहुणा आला की ते स्वतः उठून तांब्या आणि पेला आणतात. लोकांना वाटतं, काय अगत्य! अगत्य वगैरे काही नसतं. पाहुणा पाणी पिताना ते समोर पाटावर बसून त्याच्या गळ्याकडे टक लावून पाहत असतात. घोट मोठा की लहान, पेला वरून धरला की तोंडाला लावला, उरलेलं पाणी अंगणात भिरकावलं की तुळशीत ओतलं की तसंच ठेवलं, हे सगळं मनात टिपून घेतात आणि चहा येईपर्यंत त्यांचा निकाल तयार असतो. त्यांच्या मुलीला, म्हणजे माझ्या ताईला, पाहायला आलेला पहिला मुलगा शिकलेला होता, नोकरीत होता, दिसायलाही बरा होता. त्यानं दोन घोट घेतले आणि उरलेल्या पाण्यानं अंगणात उभं राहून बुटाचा चिखल धुतला. मोठेबाबा त्याच्या वडिलांना म्हणाले, "पोरगा लाखात एक हाये जी. पण अर्ध्यात सोडते, अन् उरलं ते पायावर घेते. माझी पोरगी नाई देत मी." मोठीआई पोह्यांच्या बश्या हातात घेऊन दारातच थिजली. दुसऱ्या मुलानं पेला रिकामा करून पालथा घातला आणि लग्न ठरलं. ते जावई अजून सकाळी दहाच्या आत उठत नाहीत, पण पेला पालथा घालतात, त्यामुळे मोठेबाबांच्या मते त्यांचा सिद्धांत सिद्ध झालेला आहे.

ज्ञानाबद्दलही त्यांची स्वतःची मतं आहेत. वर्तमानपत्र ते वाचतात, पण आठ दिवसांनी. गावच्या गुरुजींकडून जुने अंक एकदम आणतात आणि तारखेनं लावून, रोज एक, शांतपणे वाचतात. "बातमी ताजी खाल्ली तं पोटात दुखते," ते म्हणतात. "आठ दिवस मुरू द्याची. खोटी असन ते उडून जाते, खरी असन ते राह्यते." या पद्धतीमुळे त्यांचा रक्तदाब कायम चांगला राहिला आहे, हे खरं. मात्र एकदा थंडीच्या दिवसांत शेजारच्या गावी मंडईच्या जत्रेनिमित्त नाटक असल्याची जाहिरात त्यांनी वाचली, धुतलेला पायजामा घातला, खांद्यावर दुपट्टा टाकला आणि सायकलनं दोन कोस गेले. नाटक होऊन आठवडा झाला होता. रिकाम्या मैदानात मंडपाच्या खुंट्यांची भोकं आणि शेंगदाण्यांची टरफलं पडलेली. मोठेबाबा परत आले ते अगदी समाधानानं. "कसं होतं नाटक?" मोठीआईनं विचारलं. "चांगलंच झालं असन," ते म्हणाले, "लय कचरा होता."

हे सगळं मी आज हसून लिहिते आहे. तेव्हा मला हसू येत नसे. मी चंद्रपूरच्या इंग्रजी माध्यमाच्या शाळेत शिकले. वडिलांची नोकरी तिथे होती आणि त्यांना वाटे की मुलीनं आपल्यासारखं अडखळू नये. झालं असं की मी दोन भाषांत अडखळायला शिकले, आणि अडखळणं दिसू नये म्हणून गप्प राहायला. मी चौथीत असताना मोठेबाबा काही कामानं चंद्रपूरला आले होते, तर मला न्यायला शाळेत आले. आले ते थेट मुख्याध्यापिकेच्या खोलीत. "बाई, तुमच्या आंगनातला नळ गळून राह्यला," ते म्हणाले. "ज्या शाळेत पाणी असं वाया जाते, तिथी लेकरायचं ध्यान कुठी टिकन?" बाई काही बोलायच्या आत ते नळापाशी गेले, दुपट्ट्याची एक चिंधी फाडून त्यांनी ती आट्यांवर गुंडाळली आणि नळ बंद केला. सारा वर्ग खिडकीतून पाहत होता. माझ्या शेजारच्या मुलीनं विचारलं, "हू इज ही?" मी म्हटलं, "प्लंबर." मग सगळी मुलं जाईपर्यंत मी बाथरूममध्ये थांबले. मोठेबाबा फाटकाशी तासभर उभे होते. घरी जाताना त्यांनी मला गळत्या नळांवर आणि विसराळू माणसांवर बरंच काही सांगितलं. मी त्यांच्यापासून चार पावलं मागे चालत होते, आणि त्यांना वाटलं माझे पाय दुखताहेत, म्हणून ते सावकाश चालू लागले.

त्यांच्या गावाला एक जुना तलाव आहे, मालगुजारांच्या, म्हणजे जुन्या जमीनदारांच्या काळातला. मातीची लांब पाळ, पाळीच्या पोटात पाणी सोडायचं लाकडी आणि दगडी दार, ज्याला तुडुम म्हणतात, आणि खाली उतरत गेलेल्या बांध्या, म्हणजे बांध घातलेली धानाची शेतं. तुडुम केव्हा उघडायचं, किती उघडायचं आणि कोणाच्या बांधीत आधी पाणी न्यायचं, हे ठरवणारा माणूस म्हणजे पाणकर. गेली कित्येक वर्षं मोठेबाबा गावाचे पाणकर होते. गावानं त्यांना का निवडलं असं मी एकदा मोठीआईला विचारलं होतं. ती म्हणाली, "अवं, हे सगळ्यायले सारखेच तरास देतात. कोनाले कमी नाई, कोनाले जास्त नाई." आणि ते खरंच होतं. दोन शेतकरी पाण्यावरून भांडत आले, तर मोठेबाबा दोघांनाही चपला काढून पाटाच्या पाण्यात उभं करत आणि स्वतः काठावर बसून त्यांना माणसाच्या स्वभावावर ऐकवत बसत. "पाय गार झाले का डोस्कं गार होते," असं त्यांचं म्हणणं. लोक सांगत की पायांनी नव्हे, त्या बोलण्यानं भांडण मिटे. कधी एकदा पाण्याबाहेर पडतो असं होऊन दोघे एकमेकांना कबूल होत.

दोन वर्षांपूर्वी ते तुडुम कुजून गळायला लागलं. दुरुस्तीसाठी मदत करायला एक संस्था तयार झाली. त्यांच्यासमोर दोन वाटा होत्या. एक तर जुनं तुडुम तसंच पुन्हा बांधायचं, पाणकराची पद्धत लिहून काढायची आणि तिलाच तलावाचा नियम करायचं, म्हणजे मोठेबाबांनंतर जो येईल त्याला ती वाचून शिकता येईल. नाही तर चाकाचं लोखंडी दार बसवायचं आणि ठरलेल्या वारी ठरलेले तास पाणी सोडायचं. काय करायचं ते पाहून ठरवायला त्यांच्या एक परदेशी मॅडम येणार होत्या. संस्थेकडे दुभाषा होता, नागपूरचा एक हुशार तरुण. पण मोठेबाबांनी त्याला नाकारलं आणि मला फोन केला. "तू ये बाई. मी दुसऱ्या कोनाच्या तोंडानं बोलत नाई. तू घरची, तुले माझं सगळं समजते. माझं पानकरपन गेलं तरी चालन, पन हे कुठी तरी लिहून राह्यलं पाह्यजे." फोनवर मागून मोठीआईचा आवाज येत होता, "आठ दिवसापासून भिंतीसंग बोलून राह्यले, पाठ करून राह्यले!"

मी गेले. सकाळची वेळ होती. पाळीवर मॅडम होत्या, हातात वही, चेहऱ्यावर खरीखुरी उत्सुकता. मोठेबाबांनी नाकारलेला तो दुभाषाही आला होता, आणि त्याच्यासोबत संस्थेतली एक मुलगी. दोघांचं इंग्रजी असं सफाईदार की ऐकून मी मनातली वाक्यं पुन्हा जुळवायला लागले. गावातले दहाबारा लोक होते. मोठेबाबांनी त्या दिवशी इस्त्रीचा सदरा घातला होता आणि त्याच्या घड्या त्यांच्या अंगावर कागदासारख्या उभ्या होत्या. मॅडमनी विचारलं, पाणी केव्हा सोडायचं हे तुम्ही कसं ठरवता? मी ते मराठीत सांगितलं. मोठेबाबांनी दुपट्टा सारखा केला आणि सुरू झाले.

"पह्यले मी इथी पाळीवर आडवा होतो," ते म्हणाले आणि खरोखर इस्त्रीच्या सदऱ्यानिशी आडवे झाले. "असा कान लावतो. भरल्या पोटाचा आवाज वेगळा येते, अर्ध्या पोटाचा वेगळा. मंग खेकडे पाहतो. खेकड्यानं बीळ वर नेलं तं पानी अजून येनार. खाली नेलं तं हात आखडून वागाचं. मंग जातो शेवटच्या बांधीत, चप्पल काढून. चिखल बोटायच्या मंधातून वर आला तं दोन दिवस थांबता येते. नाई आला तं आजच सोडा लागते. अन् भादव्यात तलाव पोटुशी बाईसारखा असते. त्याले घाई नाई कराची. तिच्यासारखंच त्याचंही बोलणं आयकाचं."

पंधरा-वीस मिनिटं ते बोलत होते. गावातला कोणीतरी फिसकन हसला. दुभाषा तरुण ओठ दाबून खाली पाहत होता. मोठेबाबांच्या गालाला माती लागली होती. मॅडम माझ्याकडे पाहत होत्या. आणि मला काय काय वाटलं हे मी इथे प्रामाणिकपणे लिहिणार आहे. मला त्यांच्या गालाच्या मातीची लाज वाटली. पोटुशी या शब्दाची लाज वाटली, आणि 'मले-तुले'ची. शिवाय, हे मी तेव्हा स्वतःशीही कबूल केलं नव्हतं, माझं इंग्रजी तेवढं मोठं नव्हतंच. मला बर्फासाठी तीन शब्द येत होते आणि चिखलासाठी एक. खेकड्याचं बीळ, पाटाचं पाणी, बांधी, आवाजातलं भरलेपण, यातलं काही आम्हाला शाळेत आलं नव्हतं. चुकीचं बोलून त्या दोघांपुढे उघडी पडण्यापेक्षा मी थोडंसं आणि बिनचूक बोलायचं ठरवलं. मी मॅडमना इंग्रजीत सांगितलं, "ते अनुभवानं ठरवतात."

मॅडम पेन टेकवून थांबल्या. पुढे काही येईना, तेव्हा त्यांनी तेवढंच लिहिलं. दुभाषा तरुणानं मान वर केली, पण मोठेबाबांनी त्याला नाकारलं होतं, म्हणून तो मध्ये पडला नाही.

मग त्यांनी विचारलं, शेवटच्या शेताला आधी पाणी का देता? मोठेबाबा उठून बसले. "पाळीजवळच्याले पानी दिसते ना बाई. दिसलं का मानूस धीर धरते. शेवटच्याले ते दिसत नाई, त्याले फक्त आयकू येते. ज्याले दिसत नाई त्याचा धीर पह्यले सुटते. म्हनून त्याले आधी." मी म्हटलं, "इथली तशी प्रथा आहे." भांडणांबद्दल त्यांनी पाटाच्या पाण्याची सगळी हकीकत नकलांसकट सांगितली. मी म्हटलं, "गावात वाद सामोपचारानं मिटतात." दोन तासांत मॅडमच्या वहीचं एक पानही भरलं नाही.

"झालं?" मोठेबाबांनी मला विचारलं. "एवढ्यात?"

"इंग्रजीत कमी शब्द लागतात, मोठेबाबा," मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की ते पाहणं मी अजून विसरू शकत नाही. त्यात संशय नव्हता, कौतुक होतं. त्या दिवसापासून ते भेटेल त्याला सांगत सुटले, किराणा दुकानदाराला, एसटीच्या कंडक्टरला, दवाखान्यात रांगेत बसलेल्या बायांना: "काय भाषा हाये बावा इंग्रजी! मी बोलता बोलता थकून गेलो, अन् आमच्या पोरीनं एका घोटात सांगतलं. इकडचा शबद तिकडे सांडू नाई देल्ला." फक्त मोठीआईनं, संध्याकाळी मला भात वाढताना, हळू आवाजात विचारलं, "अवं, एवढं शिकून तू एवढंच बोलली का वं?" मी मान खाली घालून भात कालवत राहिले. तिनं वर आणखी वाढला आणि पुन्हा काही विचारलं नाही.

मॅडमच्या अहवालात काय येणार होतं? अनुभव ही काही मोजता येणारी किंवा दुसऱ्याच्या हाती देता येणारी गोष्ट नाही, असं त्यात म्हटलं होतं, आणि मी जे सांगितलं होतं त्यावरून तेच म्हणणं बरोबर होतं. लोखंडी दार आलं. हिरवा रंग, गोल चाक, शेजारी पत्र्याच्या पाटीवर वार आणि तास. दार बसलं त्या दिवशी मीही तिथे होते. पाळीला लागूनच ज्यांची बांधी आहे ते गृहस्थ, ज्यांना मोठेबाबांनी इतकी वर्षं सर्वांत शेवटी पाणी दिलं, हातात चहाचा कप घेऊन मोठ्यानं म्हणाले, "काऊन गा भाऊ, पुतणीच्या इंग्रजीनं तलाव वाचवाले गेले होते ना? काय झालं?" लोक हसले. मी मोठेबाबांच्या मागे दोन हातांवर उभी होते. एक वाक्य पुरलं असतं. यांनी सांगितलं होतं, मी सांगितलं नाही, एवढंच. मोठेबाबा हसत म्हणाले, "पोरीनं बराबर सांगतलं जी. माझ्याच अनुभवात दम नव्हता, तं ते काय करन?" मी हातातला चहा पिऊन टाकला. तो फार गरम होता, एवढंच मला आठवतं.

नव्या दारानं आभाळ कोसळलं नाही. पाणी येतं, ठरल्या वारी येतं. वरच्या बांध्या आधी भरतात. शेवटच्या बांधीत, जी एका एकट्या म्हाताऱ्या बाईची आहे, पहिल्याच वर्षी दाणा भरायच्या वेळी जमीन तडकली. मोठेबाबा तिच्या शेताच्या धुऱ्यावर, बांधावर, जाऊन बसले. बाई म्हणाली, "भाऊ, तुमी असते तं आतापर्यंत पानी आलं असतं." हे मला मोठीआईनं फोनवर सांगितलं. मोठेबाबा त्यावर काय म्हणाले, असं मी विचारलं. "काईच नाई म्हटलं," मोठीआई म्हणाली. "आताशा बोलतच नाईत वं. घर कसं सुनं-सुनं लागते. पह्यले पाहुणे आले तं मी घाबरो, का हे काय बोलतात. आता घाबरतो, का हे कावून बोलत नाईत."

या माघात मी सुट्टी काढून एकटीच गेले. धान निघालं होतं, तलाव अर्ध्यावर आला होता, पाळीवर ऊन होतं. मोठेबाबा पळसाच्या सावलीत बसले होते. मी वही काढली आणि म्हटलं, "मोठेबाबा, पाणी केव्हा सोडायचं ते तुम्ही कसं ठरवायचे, ते मला पुन्हा सांगा. मी मराठीत लिहून घेते."

"अनुभवानं, बाई," ते म्हणाले. "अजून काय."

त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता. मी टोमणा शोधला, कारण तो सापडला असता तर मला बरं वाटलं असतं. एका शिकलेल्या पुतणीनं आपल्या बोलण्याचं जे सार काढलं तेच सार असणार, असं त्यांनी मनापासून मानलं होतं. बाकीचं सगळं फापटपसारा समजून सोडून दिलं होतं.

तेव्हा मी सांगितलं. खाली पाहत, तुटक तुटक, जसं मला बोलता येतं तसं. इंग्रजीत कमी शब्द लागतात हे खोटं आहे. त्या दिवशी तुम्ही जे बोललात त्यातलं मी काहीच सांगितलं नाही. खेकडे नाही, चिखल नाही, ज्याला पाणी दिसत नाही त्याला आधी द्यायचं हेसुद्धा नाही. ते दार माझ्यामुळे आलं.

एक बगळा पाळीवरून चालत गेला. मग त्यांनी विचारलं, "कावून नाई सांगतलं, बाई?"

"लाज वाटली."

"कशाची?"

तुमची, हा एवढासा शब्द. तो माझ्या तोंडून निघेना. पण त्यांना तो कळला असावा, कारण ते माझ्याकडे वळले, आणि मला वाटलं होतं तसे दुखावून नाही, तर काळजीनं, एखाद्या विद्यार्थ्यासारखे, थोडे पुढे झुकून म्हणाले, "मी काई वावगं बोललो होतो का? कोनतं चुकलं, ते तरी सांग. मले मालूम असलं तं सुधरवतो."

"काहीच चुकलं नव्हतं, मोठेबाबा. सगळं बरोबर होतं."

"मंग?"

ज्या माणसानं आयुष्यभर कोणाला उत्तर द्यायला सवड दिली नाही, तो माणूस त्या दुपारी माझ्या उत्तराची वाट पाहत बसला होता. ऊन सरकत त्यांच्या पायांवर आलं, तरी ते हलले नाहीत.